एक बाही लांब

१

सोमवार हा माझा खोटं बोलायचा वार. इतर वारी मी बऱ्यापैकी सरळ बाई आहे.

आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे वस्ती संपते तिथल्या माळावर तीन खोल्या, एक शेड आणि एक उंच मनोरा. मीडियम वेव्हवर लागतं, ढग दाटले की खरखरतं, आणि फक्त जुनी गाणी लावतं. ऐकणारेही त्याच वयाचे. दुपारचा कार्यक्रम माझा. गाणं संपलं की दोन शब्द बोलायचे आणि पुढचं लावायचं. इतकी वर्षं मी हे तिथल्या तिथे, बसल्या जागी बोलत आले. ठसका लागला तर तोही लोकांनी ऐकला.

मग नव्या साहेबांनी कॉम्प्युटर आणला. आता सोमवारी सकाळी मी काचेच्या खोलीत बसते आणि अख्ख्या आठवड्याचं बोलणं एका दमात बोलून ठेवते. कॉम्प्युटर ते तुकडे गाण्यांच्या मधे बरोबर बसवतो. आम्ही याला आठवडा भरणं म्हणतो. त्यातली मेख एवढीच, की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, बाई आत्ता या क्षणी तिथे बसलीय. म्हणून पाऊस, थंडी, तारीख यांचं नाव काढायचं नाही. "काय हवा आहे ना आज," असं म्हणायचं, की ज्याच्या दारात जी असेल ती हवा तो समजून घेतो. "खिडकीतून बाहेर बघतेय," असंही म्हणायचं. काचेच्या खोलीला बाहेरची खिडकीच नाही. मला हे फार छान जमतं. साहेब म्हणालेसुद्धा, "बाई, तुमचं शिळं अगदी ताजं लागतं." तेव्हा मला हसू आलं होतं.

घरी आप्पा, म्हणजे माझे वडील. जन्मभर शिंपीकाम केलं. आधी डोळे गेले, मग पडून खुबा मोडला. आता पलंग ते संडास एवढंच चालणं, तेही भिंत चाचपत. उशाशी रेडिओ असतो. कार्यक्रमाच्या शेवटी मी नेहमी म्हणते, "पाणी प्या मंडळी, गोळ्या घ्या." ती मंडळी म्हणजे आप्पा. संध्याकाळी मी घरात पाय टाकला की ते आधी सांगायचे, "घेतल्या गं."

कॉम्प्युटर आल्यावर माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. घरी सांगायचं होतं. पहिल्या दिवशी मी घरीच निघाले होते, शप्पथ. वाटेत थिएटर लागलं. तिकीट काढून आत गेले तर आत गार होतं, अंधार होता आणि कुणी हाक मारत नव्हतं. सिनेमा संपेपर्यंत मी झोपले. दुसऱ्या दिवशी परत गेले, मग रोजच. आप्पांना उद्या सांगू, उद्या नक्की सांगू, असं चाललं होतं. एकदा थिएटरातून बाहेर पडले तर समोर न्हाव्याच्या दुकानात माझा कार्यक्रम लागलेला. माझाच आवाज म्हणत होता, "मी आहे इथेच, तुमच्याजवळ." मी मान खाली घालून रस्ता ओलांडला.

२

त्याच संध्याकाळची गोष्ट. मी दारात चपला काढत होते.

"आज बरं झालं सांगितलंस," आप्पा आतून म्हणाले.

"काय सांगितलं?"

"पडद्याचं. ऊन तोंडावर येत होतं. तू म्हणालीस, आप्पा, पडदा ओढून घ्या. घेतला."

"मी म्हणाले असं?"

"मग काय शेजारच्या मावशी बोलतात रेडिओवर?"

मी हसले. रेडिओवर मी आप्पा हा शब्द आजवर उच्चारलेला नाही. घरचं घरी, हा माझा नियम. म्हातारा माणूस, दुपारची डुलकी, रेडिओ चालूच. अर्धवट झोपेत कानावर पडलं ते स्वप्नात शिरलं असणार. माझं डोकं तसं सरळ चालतं, भलत्यासलत्या गोष्टी मी मनाला लावून घेत नाही. पण आत जाऊन पाहिलं तर पडदा खरंच ओढलेला होता. दोन्ही बाजूंनी, नीट, मधे फट न ठेवता. आणि पलंगापासून खिडकीपर्यंत धरायला भिंत नाही.

"तिथपर्यंत गेलात कसे?"

"अगं, तूच तर सांगत होतीस. आता सरळ या, आता डावीकडे वळा, हां, आला हाताला."

मनात पाल चुकचुकली. मी हे कोणत्या गाण्यानंतर म्हणाले, किती वेळ बोलत होते, हे सगळं विचारायला हवं होतं. पण खोदून विचारायचं तर बोलता बोलता माझी दुपार कुठे जाते, तेही निघालं असतं. "हो का, बरं," एवढं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी वाजवत बसले.

३

आमच्या इंजिनियरना सगळे व्होल्टेज म्हणतात. पारा कधी चढेल आणि कधी उतरेल याचा नेम नाही, म्हणून. स्टेशनवरून जे जे वाजतं ते त्यांच्या शेडमधल्या एका यंत्रात आपोआप नोंदलं जातं, काही तक्रार आली तर परत ऐकता यावं यासाठी. मी त्यांना म्हटलं, "कालची दुपार जरा ऐकवता का?"

"का हो बाई? स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडलात वाटतं."

"एका शब्दाबद्दल शंका आहे."

"एकच? आमच्या साहेबांना ऐका, सगळ्याच शब्दांबद्दल शंका येते," ते म्हणाले आणि त्यांनी ऐकवलं.

सगळं मी सोमवारी बोललेलंच होतं. आप्पा नाहीत, पडदा नाही, डावीकडे उजवीकडे काही नाही. मला हायसं वाटलं. मी उठणार, तेवढ्यात व्होल्टेजनीच भुवया वर केल्या.

"हे काय आहे?"

"काय?"

"तुमचं बोलणं संपलं. गाणं कुठाय?"

मी परत कान दिला. माझं वाक्य संपत होतं आणि त्यानंतर गाणं लगेच येत नव्हतं. मधे जागा होती. कॉम्प्युटर अशी जागा ठेवत नाही, तो शांतता कापूनच टाकतो. कुणाला तरी काही विचारावं आणि त्यानं उत्तर देईपर्यंत थांबावं, तेवढी जागा. मग गाणं. पुढच्या वाक्यानंतर परत तसंच. आणि त्या जागा अगदीच रिकाम्या नव्हत्या. आमच्या काचेच्या खोलीच्या भिंती गादीसारख्या मऊ आहेत, तिथे शांतता मुकी असते. या शांततेत घड्याळाची टिकटिक होती. टिकटिक चालता चालता मधेच अडखळायची आणि परत सुरू व्हायची.

आप्पांच्या पलंगाशी भिंतीवर घड्याळ आहे. ते असंच अडखळतं. दुरुस्त करून आणते, असं मी किती दिवस नुसतं म्हणतेय.

"एवढा वेळ शांतता झाली की माझा अलार्म बोंबलला पाहिजे," व्होल्टेज पुटपुटले. त्यांनी वायरी हलवल्या, बटणं दाबली, अलार्म मुद्दाम वाजवूनही पाहिला. कानठळ्या बसल्या. "हा तर ठणठणीत आहे. म्हणजे त्याच्या हिशेबानं इथे शांतता नव्हतीच. कुणीतरी बोलत होतं. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच."

"असं कसं होईल?"

"होत नाही. म्हणून तर विचारतोय. माइक कुठे उघडा राहिला होता का? तुम्ही कुठे होतात काल दुपारी?"

अगदी साधा प्रश्न. त्यांच्या मनात काही नव्हतं.

"घरी," मी म्हटलं. "आप्पांपाशी."

ते मान डोलावून म्हणाले, "बरं करता बाई. हल्ली कोण करतं एवढं?" मला शेडमधून बाहेर कधी पडेन असं झालं.

४

आता जे सांगणार ते सांगायला जड जातंय. पण ते गाळलं तर पुढचं कळणार नाही.

एका संध्याकाळी मी नुकतीच धुतलेली चादर पलंगावर घातली आणि आप्पांच्या हातून दुधाचा पेला त्यावर आडवा झाला. मी थिएटरात चांगली दोन तास झोपून आलेली. दमलेली वगैरे मुळीच नव्हते. तरी तोंडातून निघालं, "आता हेच निस्तरत बसू का मी जन्मभर?"

आप्पांनी चादरीची कड हातानं शोधली आणि ओला भाग हळूच गादीखाली दुमडला, मला दिसू नये म्हणून. आपल्याला दिसत नाही, पण समोरच्याला दिसतं, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. मी बघत उभी राहिले. मग चादर ओढून काढली, दुसरी घातली, आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी थिएटरात झोप लागली नाही. आज जाऊन माफी मागायची, असं घोकत घरी आले. आप्पा उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले.

"ये," ते म्हणाले. "आणि हे बघ, कालचं आता डोक्यातून काढून टाक. दुपारी एवढी माफी मागितलीस, एवढी रडलीस. बापाची कसली माफी मागायची? मी विसरलोसुद्धा."

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं तिथेच थांबलं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. आता खरं बोलायची वेळ होती. आप्पा, ती मी नव्हते. आप्पा, दुपारी मी तिथे नसतेच. तुमच्याशी कोण बोलतं मला माहीत नाही.

"हो," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

"दुपारी फार चांगली असतेस तू," आप्पा हसून म्हणाले. "संध्याकाळी जरा चिडचिड करतेस. चालायचंच. दिवसभराचा शीण असतो."

मी भ्यायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला वाटलं, चला, एक काम झालं. माफी मागितली गेली आणि मला तोंड उघडावं लागलं नाही. पुढच्या सोमवारी आठवडा भरताना माझ्याच लक्षात आलं, की मी प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांबतेय. जागा ठेवतेय. कुणासाठी, हे मी मनातसुद्धा म्हटलं नाही.

५

शेजारच्या मावशींकडे आमच्या घराची किल्ली असते. दुपारी आप्पांना जेवणाचं ताट त्याच देतात. जिन्यात भेटल्या तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? आप्पांची खोली अगदी लख्ख ठेवता. खुर्चीवरच्या कपड्यांच्यासुद्धा घड्या घातल्यात."

आप्पांच्या पलंगाजवळ एक वेताची खुर्ची आहे. वाळलेले कपडे आणून त्यावर टाकायचे आणि रोज त्यातलेच ओढून घालायचे, ही माझी पद्धत. त्या खुर्चीवर कुणी बसल्याचं मला आठवत नाही. गेल्या काही दिवसांत मात्र कपडे पलीकडच्या ट्रंकेवर असायचे, घड्या घातलेले, आणि खुर्ची रिकामी, पलंगाला अगदी लावून ठेवलेली.

"मी?" मावशी म्हणाल्या. "मी कशाला आत जाऊ गं? बाहेरच्या टेबलावर ताट ठेवते आणि येते. तुम्हा दोघांचं बोलणं रंगलेलं असतं. ताटसुद्धा मग तूच आत नेतेस ना?"

"दोघांचं?"

"तुझं नि आप्पांचं. हल्ली दुपारची घरी येतेस ते फार चांगलं करतेस बाई. म्हातारा कसा खुलून आलाय. काल तर हसण्याचा आवाज आमच्या बेसिनपर्यंत येत होता." त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "मला आधी वाटायचं, ही पोर जरा तुटक आहे. चुकले मी. कान पकडते."

आणि त्यांनी खरंच कान पकडला. "नाही मावशी, मी तुटकच आहे," असं म्हणायचं होतं. "तो आवाज रेडिओचा असेल," असंही म्हणायचं होतं. पण मग त्या म्हणाल्या असत्या, "तू कुठे असतेस?" मी हसले. लोकांनी कौतुक केलं की जसं हसतात तसं.

त्या संध्याकाळी मी आप्पांना गोळी देत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बोटं मनगटावरून वर सरकवली. शिंप्याची बोटं. डोळे गेले तरी कापड त्यांना खोटं सांगू शकत नाही.

"बदललंस होय," ते म्हणाले.

"काय?"

"शर्ट. दुपारी तो निळा होता."

मला सांगणं भाग आहे, तो निळा शर्ट कोणता. डोळे जायच्या बेतात असताना आप्पांनी शेवटची शिवलेली वस्तू ती. माझ्यासाठी. लांब बाह्यांचा, सुती. रंग त्यांनी दुकानदाराला विचारून घेतला होता. कापड वीत टाकून मोजलं, मशिन अंदाजानं चालवलं आणि एक बाही दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब झाली. मी तो घातला, "छान झालाय," म्हटलं, आणि त्याच दिवशी काढून ठेवला. तो परत अंगाला लावला नाही. कधी विचारलंच त्यांनी, तर मी सांगायची, "घालते ना, ऑफिसात घालते."

"एक बाही लांब झालीय," आप्पा म्हणत होते. त्यांचा चेहरा इतका समाधानी मी पूर्वी पाहिलेला नव्हता. "आधी कळलंच नव्हतं मला. आज हाताला लागलं. वेडी पोर, बोलली नाहीस कधी. आणि तशीच घालत राहिलीस."

मी माझा हात सोडवून घेतला.

कपाटाच्या तळाशी, जुन्या पडद्यांच्या खाली, शर्ट होता तिथेच होता. मी तो उजेडात धरला. आत ठेवताना घातलेली घडी नव्हती. कोपरापाशी सुरकुत्या पडलेल्या, रोज घातल्यावर पडतात तशा, आणि छातीवर दुधाचा वाळलेला डाग. मला स्वतःशी फार बोलायची सवय आहे. मी म्हटलं, मावशी घालत असतील. मग म्हटलं, मीच झोपेत घालत असेन. मग काही सुचलं नाही. शर्ट परत पडद्यांखाली ठेवला, कपाट लावलं आणि कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसले. आप्पांनी आतून दोनदा विचारलं, "अगं, जेवायचं ना?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी निघाले. दुपारी थिएटरापर्यंत गेले आणि तिकिटाच्या खिडकीवरून परत फिरले.

काय करायचं ते ठरवलं होतं. कार्यक्रम चालू असताना घरात शिरायचं, रेडिओ बंद करायचा, आणि आप्पांसमोर बसून सगळं सांगायचं. सोमवार, कॉम्प्युटर, सिनेमा, शर्ट. त्यांनी मग मला काहीही म्हणावं. फक्त त्यांच्यापाशी मी असले पाहिजे, दुसरं कुणी नको. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या खोलीत जायची घाई झाली होती.

किल्ली हळू फिरवली. बाहेरच्या खोलीत ऊन आलेलं. टेबलावर मावशींचं ताट नव्हतं, म्हणजे आत गेलेलं होतं. आप्पांच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. आतून गाण्याची शेवटची ओळ आली, वाद्यं विरत गेली, आणि मी सोमवारी भरलेलं वाक्य आलं.

"काय हवा आहे ना आज."

मग ती जागा. घड्याळ अडखळलं आणि चालू लागलं.

"हवा कसली डोंबलाची," आप्पा म्हणाले. "उकडतंय नुसतं."

"पंखा वाढवू?"

माझा आवाज. पण हे मी सोमवारी बोलले नव्हते. आणि तो रेडिओतून आला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रेडिओ उशाशी, डाव्या हाताला आहे. आवाज पलंगाच्या या बाजूनं आला.

"नको. मग पायाला गार लागतं."

"पाय इकडे करा बघू. टाचा किती भेगाळल्यात. तेल लावते."

"राहू दे गं, ठमे."

ठमी हे माझं घरातलं नाव. आई गेल्यापासून ते कुणी घेतलेलं नाही. आप्पा मला नुसतं 'अगं' म्हणतात. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला वाटलं, मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारलीय आणि ती मी चोरून ऐकतेय.

वेत करकरला. कुणीतरी बसल्या जागी पुढे वाकलं की करकरतो तसा.

दाराच्या फटीतून पलंगाची कड दिसत होती, आप्पांचा उजवा हात दिसत होता, आणि वेताच्या खुर्चीचा एक हात. खुर्चीच्या त्या हातावर निळी बाही होती. बोटांच्या पेरांपर्यंत आलेली. आतलं मनगट बाहीनं झाकलेलं, बोटं खाली वळलेली, मला दिसत नव्हती. आप्पांनी बाहीची कड चिमटीत धरली होती. ग्राहकाला समोर उभं करून धरायचे, तशीच.

"थांब, हलू नकोस," ते म्हणाले. "एक दुमड घालून देतो. कामात आड येते."

त्यांनी एक दुमड घातली, अंगठ्यानं दाबली. मग दुसरी घालायला घेतली. दुसऱ्या दुमडीखाली मनगट दिसायला हवं होतं. त्यांची बोटं तिथे थांबली.

"आप्पा," माझा आवाज अगदी हलक्यानं म्हणाला. "दारात कुणीतरी आहे."

आप्पांनी मान वळवली. डोळे माझ्या दिशेला, पण जरा बाजूला, भिंतीवर.

"असू दे," ते म्हणाले. "संध्याकाळची असेल. आज लवकर आलीय."

मी दार ढकललं. रेडिओवर पुढचं गाणं सुरू झालं होतं. खुर्ची रिकामी होती. जेवणाचं ताट रिकामं, आप्पांच्या टाचांवर तेल चमकत होतं. त्यांचा हात अजून खुर्चीच्या हातावर होता, चिमूट तशीच मिटलेली.

"आप्पा, मी आहे," मी म्हटलं.

"माहितीय. सिनेमा अर्ध्यावर सोडलास?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. पहिल्या दिवशीच सांगितलं." आप्पा माझी समजूत काढत असल्यासारखे बोलत होते. "मला वाईट वाटलं होतं जरासं, नाही म्हणत नाही. ती म्हणाली, तिला झोपू द्या आप्पा, ती दमते. तिला काही विचारू नका, उगीच खोटं बोलायला लागेल. म्हणून विचारलं नाही."

रोज संध्याकाळी ते माझ्याशी किती जपून बोलत होते, ते आत्ता मला कळलं. पाहुण्याशी बोलतात तसे. मला तोंड लपवायला जागा हवी होती. रडायलाही लाज वाटत होती, कारण या खोलीत माझ्या वाटणीचं रडणंसुद्धा आधीच होऊन गेलं होतं.

"मी आता दुपारी येत जाईन," मी म्हटलं. "रोज. मीच बसेन तुमच्याजवळ."

बोलत बोलत मी खुर्ची ओढायला गेले.

"तिथे नको," आप्पा घाईनं म्हणाले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग आवाज सौम्य करून म्हणाले, "तू पलीकडे बस ना. ट्रंकेवर."

ट्रंकेवर माझ्याच कपड्यांच्या घड्या होत्या. मी त्या उचलून मांडीवर घेतल्या आणि बसले. पलंगाच्या त्या बाजूला आप्पांचा हात हळूहळू सैल झाला, उताणा झाला आणि खुर्चीच्या हातावर तसाच राहिला. मी रेडिओ बंद करायला आले होते. तो माझ्या हाताच्या अंतरावर होता. मला बटणाला हात लावायचा धीर झाला नाही. तो बंद केला आणि आप्पांनी ठमीला हाक मारली, तर ओ कुणी द्यायची?

आम्ही बसून गाणी ऐकली. मधल्या जागांमध्ये कुणी बोललं नाही. माझ्यामुळे, हे उघड होतं. आप्पा अवघडलेले होते. कार्यक्रम संपत आला, शेवटचं गाणं झालं आणि माझा सोमवारचा आवाज आला, गोड, ताजा.

"पाणी प्या मंडळी, गोळ्या घ्या."

ग्लास आणि गोळ्यांची डबी माझ्या बाजूला होती. मी पटकन गोळी काढली, ग्लास भरला आणि पुढे धरला.

"आप्पा, पाणी."

"हो, घेतो," आप्पा म्हणाले. त्यांनी हात खुर्चीच्या दिशेनं पुढे केला आणि शांतपणे वाट बघत राहिले.